सातव्या खांबाशी थांबणारी आक्का

प्रिय आक्का,

तुला पत्र लिहायचं म्हणजे गंमतच आहे. तुला वाचता कुठं येत होतं? एसटीच्या पाटीवर पहिल्या अक्षराच्या डोक्यावर टिंब असलं की इंदापूर, नसलं की बारामती, एवढ्या शिक्षणावर तू पासष्ट वर्षं काढलीस. आणि कधी चुकीच्या गाडीत बसली नाहीस, हेही खरं.

पण आज सकाळी तुझ्या लेकीचा, सुरेखाचा फोन आला आणि तेव्हापासून दुकानात माझं चित्त लागेना. एकाच शेतकऱ्याला दोनदा पाइपाचा चुकीच्या मापाचा जॉइनर काढून दिला. मी, आणि चुकीच्या मापाचा जॉइनर! तोच म्हणाला, "शिवाजीराव, बरं न्हाय का?" शेवटी शटर अर्धं ओढलं आणि ज्या वहीत ठिबकचे नकाशे काढतो तीच वही पुढ्यात घेतली.

तुझ्या लेकीच्या सासूबाईंच्या मांडीतली रक्तवाहिनी तुझ्यासारखीच बंद झाली होती. गेल्या महिन्यात त्यांना स्टेंट बसवला. आता कुठं हात टेकला की निळे डाग उठतात म्हणून म्हातारी गोळ्या बंद करायच्या म्हणते. सुरेखाचं ऐकत नाही, मुलाचं ऐकत नाही.

"मामा, आयतवारी डाळजला या," सुरेखा म्हणाली. "आईनं गोळ्या सोडल्या अन् काय झालं, ते तुमीच सांगा त्यांना. तुमचं ऐकत्याल. तुमी डोळ्यानं बघितलंय."

येतो म्हणालो आणि फोन ठेवला.

आईनं गोळ्या सोडल्या! आक्का, त्या गोळ्या कुणी सोडायला लावल्या हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक तू, एक मी. तिसऱ्या एकाला मी नंतर सांगितलं, ते पुढं लिहितो. पण सुरेखाला आजपर्यंत माहीत नाही. तुला जाऊन अकरा महिने झाले आणि ती अजून तुझ्यावर रागावलेली आहे. फोटोला हार घालतानासुद्धा तिच्या तोंडून निघतं, "ऐकलं असतंस तर!"

आणि मी बाजूला उभा राहून हार सरळ करतो.

तुझं चालणं आठवतं. वस्तीवरून निमगावच्या पेठेपर्यंत कॅनॉलच्या कडेनं लाइटचे बावीस खांब. दोन खांबांत पन्नास मीटर म्हणतात, मी टेप लावून मोजलंय, अठ्ठेचाळीस आहे. ही वाट तू डोक्यावर मेथी-शेपूची पाटी घेऊन वीस मिनिटांत मारायचीस. मग एका वर्षी तुला तासभर लागायला लागला. मी तुझी थट्टा करायचो. आमच्या आक्काला पाय कमी आणि तोंड जास्त, असं चारचौघांत म्हणायचो. कारण तू सातव्या खांबाशी शमीमभाभीच्या ओट्यावर थांबायचीस. पुढं शाळेच्या कट्ट्यावर थांबायचीस. नंतर कॅनॉलवरच्या मोरीच्या कठड्यावरसुद्धा बसायला लागलीस, जिथं बोलायला काळं कुत्रं नसतं.

तुझं दहावं झाल्यावर शमीमभाभी भेटल्या. शिलाई मशीन दारात ओढून काम करतात ना त्या, तशाच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला वाटायचं, आक्का माझ्यासाठी थांबतीय. मी चहा टाकायची. मग एकदा बघितलं तर बोलताना खालनं पोटरी दाबत होती. मी इचारलं तर म्हणली, कुणाला सांगू नको, आमचा शिवा लगीच पाना घिऊन यील."

हसलो मी. मग घरी येऊन न्हाणीत तोंड धुतलं, बराच वेळ.

का गं सांगितलं नाहीस? चालताना पोटरीत गोळा येतो, दोन मिनिटं उभं राहिलं की जातो, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतो. एवढं नेमकं दुखणं! एखाद्या यंत्रासारखं नेमकं. मला सांगितलं असतंस तर मी वहीत मांडलं असतं, कुठल्या महिन्यात किती खांब. सात होते ते चार झाले, चाराचे दोन झाले. पण तू गप्पा मारत राहिलीस आणि मी तुला गप्पिष्ट म्हणत राहिलो.

खरं तर तुला तरी कशाला बोल लावू? शेवटी सांगितलंस तेव्हा मी काय केलं? सायटिका म्हणालो. कंबरेला पट्टा आणून दिला. दुकानात चार जणांना सांगितलंही की आक्काला सायटिका आहे, मी ओळखला. नववी नापास माणसाला रोगाचं इंग्रजी नाव घेताना किती बरं वाटतं, ते तुला नाही कळायचं.

चप्पल लागून अंगठ्याला जखम झाली आणि दोन महिने भरेना, तेव्हा बारामतीला नेलं. तिथं पुण्याहून दर गुरुवारी रक्तवाहिन्यांचे सर्जन येतात, त्यांना दाखवलं. तो दिवस मला सगळा आठवतो. डॉक्टरांनी तुझ्या दंडाचा रक्तदाब घेतला, तो कुणीही घेतो. पण मग त्यांनी घोट्याला पट्टा बांधला, पेनासारखं एक यंत्र पावलावर टेकवलं आणि त्यातून आवाज आला, सू... सू... सू.

"आत पाखरू बसलंय व्हय?" तू विचारलंस.

डॉक्टर हसले. म्हणाले, "पाखरू आहे, पण दमलंय आजी."

दंडात एकशे पन्नास, घोट्यात सत्तर. निम्म्याहूनही कमी. मला तर एकदम उजाडल्यासारखं झालं! अरे, हे तर माझंच काम! मेनलाइनला प्रेशर मोजायचा गेज लावायचा, शेवटच्या लॅटरलला, म्हणजे झाडाजवळच्या बारीक नळीला, गेज लावायचा, खाली प्रेशर पडलं असेल तर मध्ये कुठंतरी कचरा. शेवटचं झाड आधी सुकतं, तसा तुझा अंगठा सुकत होता. मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "अगदी बरोबर. तुम्ही लवकर समजलात." आक्का, ते वाक्य मी निमगावला पोचेपर्यंत एसटीत तीन वेळा तुला ऐकवलं होतं.

तेच वाक्य नडलं.

डॉक्टरांनी सगळं सविस्तर सांगितलं होतं, मी लिहूनही घेतलं होतं. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चरबीचा थर बसतो, तंबाखूनं तो वाढतो, हा रोग एका पायाचा नसतो, हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांतही तोच कारभार चालू असतो. म्हणून मशेरी बंद. दाबाची गोळी, चरबीची गोळी, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या. आणि जखम भरली की चालायचं, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. चालण्यानं आजूबाजूच्या बारीक वाहिन्या वाढतात, मोठा पाट बंद असला तरी चाऱ्यांनी पाणी पोचतं.

आणि तू? पन्नास वर्षं तव्यावर मशेरी भाजलीस, घरभर खकाणा केलास, आईच्या शिव्या खाल्ल्यास. पण त्या दिवशी घरी आल्यावर डबा उचललास आणि कॅनॉलमध्ये टाकलास. झाकणासकट. नंतर एकदाही मागितली नाहीस. मला माझी गायछाप तंबाखू सोडायला सात वर्षं लागली, तीसुद्धा मध्ये तीनदा पुन्हा धरून.

मग मांडीतून तार घातली, फुग्यानं वाट रुंद केली आणि जाळीची नळी बसवली. तू शुद्धीवरच होतीस. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर, "शिवा, मांडीत जाळं टाकलंय. आता भिगवणला जाऊन मासं धरती बघ." नर्स तोंडाला हात लावून हसली. अंगठ्याची जखम महिन्याभरात भरली. तू चौदा खांब न थांबता चाललीस. शमीमभाभीच्या दारावरून सरळ पुढं गेलीस तेव्हा त्यांनी हाक मारली, "आक्का, रुसलीस व्हय?"

इथंच पत्र संपवता आलं असतं तर!

तुझ्या हातावर निळे-काळे डाग पडायला लागले. पाटी टेकली की डाग, बांगडी दाबली की डाग. दात घासताना हिरडीतून रक्त यायचं. तू मला दाखवायला दुकानात आलीस, तो दिवस बाजाराचा होता. समोर परगावची दोघं गिऱ्हाइकं उभी होती, पुढं काय घडलं ते त्यांना कधी कळलं नाही. मी गोळ्यांच्या पाकिटातला कागद उलगडला. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. डिक्शनरी काढली आणि रक्तस्राव हा शब्द शोधून दाखवला. गिऱ्हाइकं बघतच राहिली. मला चेव आला.

"आक्का," मी म्हणालो, "ठिबकला आपण ॲसिड सोडतो. कशासाठी? क्षार धरलेला असतो म्हणून. एकदा सोडायचं, लाइन धुवायची, बंद करायचं. रोज सोडत बसलं तर ॲसिड ड्रिपरच खाऊन टाकील. तुझी लाइन मोकळी झाली. आता ह्या दोन गोळ्या कशाला?"

तू थोडा वेळ हातावरचे डाग बघितलेस. मग म्हणालीस, "डॉक्टरला एकदा इचारू का?"

आणि मी काय म्हणालो, आठवतंय? आठवत असणारच. तू विसरणारी नव्हतीसच कधी.

"डॉक्टर काय पाइपात उतरून बघतोय? मी सांगतोय न्हवं?"

त्यातलं एक गिऱ्हाईक तर म्हणालं, "आक्का, घरात इंजिनिअर असताना डॉक्टर कशाला?" तू हसलीस. दोन्ही पाकिटं माझ्या काउंटरवर ठेवलीस आणि मेथी विकायला गेलीस.

पाच आठवडे. छत्तिसाव्या दिवशी सकाळी तुझा फोन आला, पाय गार पडलाय म्हणून. मी पळत आलो. मांडीच्या खाली पाय पांढराफटक, मेणाचा असावा तसा, आणि पाऊल हातात धरलं तर तुला कळतही नव्हतं. आयुष्यभर मी पाइपांना हात लावून आतून पाणी चाललंय की नाही ते सांगतो. त्या दिवशी हात लावताक्षणी कळलं. लाइन बंद!

बारामतीला पोचेपर्यंत तू माझा हात सोडला नाहीस, एकदाही ओरडली नाहीस. सुरेखा डाळजवरून परस्पर आली. नशिबानं गुरुवार होता, डॉक्टर आलेले होते. त्यांनी ते पेनाचं यंत्र टेकवलं. यावेळी पाखरू बोललंच नाही.

"रक्ताच्या दोन गोळ्या चालू आहेत ना?" त्यांनी विचारलं.

मी फाइल धरून उभा होतो. सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले, कडेला चिठ्ठ्या चिकटवलेल्या. माझं तोंड उघडलं होतं, आक्का, शपथेवर सांगतो. पण शब्द निघायच्या आत तू माझ्याकडं एकदा बघितलंस आणि त्यांना म्हणालीस, "मीच इसरले ओ. अडाणी बाई. बरं वाटलं अन् घ्यायच्याच इसरल्या."

"विसरलात? दोन्ही गोळ्या? पाच आठवडे?" डॉक्टरांचा आवाज चढला. "तुमच्या पायाची तुम्हालाच पर्वा नसेल तर आम्ही कशाला राबायचं?"

दारात सुरेखा रडत होती. तिनं ते ऐकलं. तिच्या दृष्टीनं गोष्ट तिथंच ठरून गेली.

आणि मी फाइल मिटली.

तेव्हा घाई होती, हे खरं. कागदांवर सह्या करायच्या होत्या, रक्ताची सोय बघायची होती. पण घाई काही आठ महिने नव्हती, आक्का. पुढचे आठ महिने तू जिवंत होतीस आणि रोज मला बोलायला वेळ होता.

बायपास झाली. डॉक्टरांनी समजावलं की स्टेंटमध्ये गुठळी घट्ट बसली आहे, तेवढा भाग सोडून वरून खालपर्यंत नवी वाट काढायची. नळी कुठली? तुझ्याच पायातली वरवरची शीर. आणि ती काढून उलटी करून जोडायची, कारण शिरेत जागोजाग झडपा असतात, रक्त एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या. आपले नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह! एरवी मी हे ऐकून नाचलो असतो, शंभर जणांना सांगितलं असतं. त्या दिवशी मान खाली घालून ऐकून घेतलं. साडेपाच तास लागले. पाय राहिला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र काळी पडली होती, ती काढावी लागली.

चौथ्या दिवशी वॉर्डात आपण दोघंच होतो. मी तुला मोसंबी सोलून देत होतो. धीर करून विचारलं, असं का सांगितलंस त्यांना?

तू आधी मोसंब्याची बी काढून माझ्या हातावर ठेवलीस.

"तुज्या शबुदावर गाव मोटार चालू करतंय," तू म्हणालीस. "उद्या कळलं, ह्यानं बहिणीचा पाय घालवला, तर कोण तुला रानात घील? माजं काय, इसरभोळी म्हातारी म्हणत्याल. म्हणू दे. मेथी इकाया आंगठा लागत न्हाय."

मी पुढचं मोसंबं सोलायला घेतलं.

पण आज विचारतो. तू मला वाचवलंस की अडकवलंस? थोरली म्हणून लहानपणी माझ्या वाटचा मार खायचीस, इतकी सवय झाली होती तुला? माझी चूक मला उचलू द्यायची होतीस गं. मी मोडलो असतो का? गावानं चार दिवस तोंडसुख घेतलं असतं, दुसऱ्याला बोलावलं असतं, आणि पाणी शेवटच्या झाडाला पोचलं नाही की परत माझ्याकडंच आले असते. एवढी तरी माझ्या कामाची मला खात्री आहे. तुला नव्हती का?

हे लिहिलं आणि लाज वाटली. मी इथंसुद्धा तुझ्यावरच ढकलतोय.

आठ महिने तू सुरेखाचं जे सोसलंस ते मी बघितलंय. रोज सकाळी आठला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. "आई, गोळी दाखव. आता तोंडात टाक. पाणी पी. आ कर. जीभ वर कर." आणि तू एखाद्या शाळकरी पोरीसारखी मोबाईलपुढं तोंड उघडायचीस. एकदा मी चहा प्यायला आलो होतो. जीभ वर करून झाल्यावर ती म्हणाली, "तुझ्यावर इस्वासच न्हाय राहिला माझा." तू फोन ठेवलास आणि मला म्हणालीस, "काळजी करती पोर." मी चहा प्यायलो. साखर जास्त झाली होती, तेवढं मात्र बोललो.

काठी टेकत तू पुन्हा चालायला लागलीस. सात बोटांनी. अकरा खांब. शमीमभाभीकडं पुन्हा थांबायला लागलीस, पण आता दुखतंय म्हणून नव्हे, असं त्याच सांगतात. "आता खरंच गप्पा माराया येती," असं तू त्यांना म्हणाली होतीस म्हणे.

मग त्या मंगळवारी अंगणात मेथीच्या जुड्या बांधता बांधता कललीस. हृदय. शेजारणीनं हाक मारेपर्यंत सगळं संपलं होतं. तुझ्या मुठीत जुडी तशीच होती, दोरा अर्धा गुंडाळलेला.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी मी बारामतीला गेलो. एकटाच. नंबर लावला, केसपेपरवर तुझंच नाव घातलं. डॉक्टरांनी नाव वाचून मान वर केली. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. ती विसरली नव्हती, मी बंद करायला लावल्या होत्या. ॲसिडचं उदाहरणही सांगितलं. लपवलं काही नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या पाइपात पाणी असतं," ते सावकाश म्हणाले. "पाणी पाइपाला ओळखत नाही. रक्त जिवंत असतं. आत परकी जाळी दिसली की ते तिला धरायला धावतं. जाळीवर आतून शरीराची साय धरेपर्यंत त्या गोळ्या म्हणजे राखणदार. आणि नंतरही एक तरी गोळी जन्मभर लागते, कारण वाहिनी जुनीच असते."

मी विचारलं, त्या गोळ्या चालू असत्या तर आक्का आज असती का?

"पाय कदाचित एवढा बिघडला नसता. हृदयाचं मी सांगू शकत नाही. तो रोग आधीपासून सगळीकडं होता. तुम्हाला हवं तसं हो किंवा नाही असं उत्तर मला देता येणार नाही." मग त्यांनी पेन पुन्हा उचललं. "त्या दिवशी तुम्ही खरं बोलला असतात तरी ऑपरेशन मी तेच केलं असतं. पण त्यांना ओरडलो नसतो."

आक्का, मला वाटलं होतं ते मला रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि पुढचा नंबर बोलवायला सांगितलं.

तेव्हापासून मी ते वाक्य उलटंसुलटं करून बघतो. तुझ्या पायाचा हिशेब कदाचित कधीच पूर्ण लागणार नाही. किती माझ्यामुळं, किती मशेरीमुळं, किती वयामुळं. त्याला गेज नाही. पण तुला जे ऐकून घ्यावं लागलं, ते सगळं माझं होतं. त्यात भागीदार कुणी नाही. डॉक्टरांचं ते एक वाक्य, आणि सुरेखाचं आठ महिने रोज सकाळी आठ वाजता.

आणि आता ती तीच गोष्ट तिच्या सासूला सांगायला मला बोलावतेय! मी गेलो, मान हलवली, आमच्या आक्काचं असंच झालं हो म्हणालो, तर म्हातारी घाबरून गोळ्या घेईल. काम होऊन जाईल. मला कुणी काही विचारणार नाही. नकाशावर सगळं बरोबर दिसेल.

पण त्या म्हातारीला कुणीतरी गोळ्या बंद करायला सांगितल्याच असतील ना? डाग बघून आपोआप नाही सुचत. तिच्याही गावात असेल एखादा माझ्यासारखा, चार पुस्तकं वाचलेला, चारचौघांत मान असलेला. विसरभोळ्या बाईची गोष्ट सांगून त्याला काय कळणार? त्याला माझीच गोष्ट कळली पाहिजे. आणि माझी गोष्ट माझ्याशिवाय कोण सांगणार?

दुकानात एक बदल केलाय, तेवढा कळवतो. पूर्वी गिऱ्हाईक आपलं दुखणं सांगायचं आणि मी उपाय सांगायचो. आता म्हणतो, मी पाइपाचा माणूस आहे, अंगाचं डॉक्टरला विचार. परवा एक जण म्हणाला, "शिवाजीराव, तुमी पयल्यागत राह्यला न्हाय." मी म्हणालो, नाही राहिलो.

तुझी ती दोन पाकिटं अजून माझ्या काउंटरच्या खणात आहेत. प्रत्येकात नऊ गोळ्या उरल्यात. टाकून देववत नाहीत. रविवारी ती बरोबर नेणार आहे.

तुला शब्द देतो, आक्का. आधी सुरेखाला एकटीला परसात घेईन. ती पाकिटं तिच्या हातावर ठेवीन आणि सांगेन, तुझी आई काहीच विसरली नव्हती. तिनं डॉक्टरला विचारू का म्हणून मला विचारलं होतं आणि मी नको म्हणालो होतो. मग ती जे बोलेल ते ऐकीन, पुरतं. मध्ये ठिबकचं उदाहरण देणार नाही. ती माझ्याशी बोलायची थांबली तरी चालेल, तुझ्या फोटोशी तरी नीट बोलेल. मग तिच्या सासूबाईंपुढं बसून हीच गोष्ट पुन्हा सांगेन, माझ्या नावानं.

तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. "कशाला रं उकरतो?" म्हणशील. पण एवढ्या वेळी ऐक माझं. ऐकण्यासारखं काही सांगायची पाळी माझ्यावर बऱ्याच दिवसांनी आली आहे.

डाळजला हायवेवर उतरलं की सुरेखाच्या घरापर्यंत तेरा खांब आहेत. माझे पाय धडधाकट आहेत. वाटेत ओळखीचे ओटे पुष्कळ आहेत, चहाला हाका मारतील, थांबायला निमित्त मिळेल. तू थांबायचीस ती दुखत होतं म्हणून. मला तसं काही कारण नाही.

कुठंही न थांबता जाईन.

तुझा,
शिवा